वरच्या शेताला दुसरा हात

आदरणीय विहीणबाई यांना,

वयानं तुम्ही मोठ्या, मुलाकडच्या म्हणून मानानं मोठ्या, आणि उंचीनं तर आहातच, तेव्हा तिन्ही मिळून एकच पण चांगला वाकून नमस्कार.

इकडे सगळे बरे आहेत. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? (डाव्याची चौकशी करत नाही, तो बिचारा कधीच काही मागत नाही.) आम्लपित्ताचा त्रास कमी झाला असेल अशी आशा आहे. तुमच्या त्या पांढऱ्या चघळायच्या गोळ्यांची पट्टी इथं खिडकीतच राहून गेली. पाठवून देणार होते, पण मधल्या काळात जेवणानंतर माझ्याही छातीत जळजळायला लागलं आणि आता तिच्यात पाठवण्यासारखं काही उरलेलं नाही. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र लिहिते. उचलत नाही याबद्दल माझी काही तक्रार नाही. (पत्र टाकण्याआधी कन्या ते वाचून बघणार आहे, म्हणून तक्रार नाही हे स्वच्छ अक्षरात लिहून ठेवलं.)

तर कारण असं, की तुम्ही बॅग उचलून निघून गेलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी मुलांनी आपल्या दोघींसाठी एक नियम केला. यापुढे या घरात एका वेळी एकच आई. एकीनं यायचं तेव्हा दुसरीनं जायचं. हे सांगताना तुमचे चिरंजीव भिंतीकडे बघत होते आणि आमची कन्या माझ्याकडे, त्यावरून नियम कुणाच्या डोक्यातून निघाला ते तुम्ही ओळखालच. मी म्हटलं, उत्तम नियम आहे. तुम्हालाही तो पटावा, तुम्ही मनातला राग काढून टाकावा आणि आपली पाळी आली की सरळ यावं, एवढ्यासाठी मला हे पत्र लिहायला बसवलं आहे. तेव्हा झाला प्रकार पुन्हा एकदा, पहिल्यापासून, शांतपणे सांगते. तुम्ही तिथं होतात हे मला माहीत आहे, पण तुम्ही तुमच्या बाजूनं होतात.

मुलांनी शहरातल्या चांगल्या नोकऱ्या सोडून ही लाल मातीची जमीन घेतली तेव्हा आपण दोघींनी डोक्याला हात लावला होता, आणि माझ्या मते आपली खरी मैत्री तिथूनच सुरू झाली. घरामागचं वरचं शेत आणि ओढ्याकडचं खालचं शेत, दोन्ही दिसायला इतकी देखणी की काहीही पेरावं. आणि पेरलेलं काहीही घोट्यापर्यंत वाढायचं आणि रुसल्यासारखं तिथंच थांबायचं. घेवड्याचं रोप उपटून पाहिलं तर मुळं आखूड, जाडसर, झिजलेल्या ब्रशच्या केसांसारखी. मग माती तपासून घेतली. त्या प्रयोगशाळेतल्या मातीवाल्या बाई आल्या आणि त्यांनी ओट्यावर बसून आपल्याला समजावलं, की इथं पाऊस इतका आहे की जमिनीतला चुना वर्षानुवर्षं धुऊन जातो, मागं आंबट माती राहते, आणि अशा मातीत ॲल्युमिनियम सुटा होऊन मुळांना विषासारखा बाधतो. (हे ऐकून मी त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची सगळी पातेली माळ्यावर टाकली, आणि तुम्ही, मला वाईट वाटू नये म्हणून, एक शब्दही न बोलता ती एकेक करून खाली आणलीत. मी पाहिलं होतं. मीही बोलले नाही.) यावर उपाय म्हणजे चुनखडीची बारीक पूड. ती शेतभर सारखी पसरायची, मातीत नीट मिसळायची, आणि पेरणीच्या बऱ्याच आधी, म्हणजे तिला आपलं काम करायला सवड मिळते. बाईंनी मापात सांगितलं, मुलांनी पोती आणून गोठ्यातल्या कोरड्या कोपऱ्यात रचली, निम्मी वरच्या शेताची, निम्मी खालच्या. (चुना लावण्यावरचा विनोद तुमच्या चिरंजीवांनी तेव्हाच करून घेतला आहे, तो आपण पुन्हा करायला नको.)

आता इथं जरा थांबून आपल्या दोघींच्या वागण्याबद्दल लिहायला हवं, कारण सगळं तिथंच अडलं. विहीण हे नातंच असं आहे, की बहिणीला जे तोंडावर सांगता येतं ते विहिणीला चिठ्ठी लिहूनही सांगता येत नाही. खिडकीजवळची वाऱ्याची कॉट मी तुम्हाला दिली, तुम्ही मला दिलीत, पुन्हा मी तुम्हाला दिली, आणि शेवटी तिच्यावर बियाण्याच्या पिशव्या झोपू लागल्या. आपण दोघी आतल्या खोलीत, पंख्याचा वारा एकमेकींकडे वळवत. सकाळचं गरम पाणी तुमच्यासाठी म्हणून मी ठेवायचे, तुम्ही माझ्यासाठी म्हणून ठेवायच्या, आणि ते निवून गेल्यावर दोघीही गार पाण्यानं आंघोळ करून बरं वाटलं असं म्हणायचो. तुम्ही सगळी हयात हॉस्पिटलात मेट्रन म्हणून काढलीत, शंभर माणसांना नुसत्या भुवईनं हलवलंत. मी शिवणाच्या क्लासात पोरींना टाके उसवायला लावून रडवलेलं आहे. आणि अशा आपण दोघी या घरात मात्र एकमेकींना साधं "झालं का?" असं विचारत नव्हतो. कारण विहिणीला झालं का विचारणं म्हणजे तिच्या कामाचा हिशोब घेणं, आणि हिशोब घेतला की संपलंच.

मुलं पंप आणायला आणि बियाण्याचं बघायला शहरात गेली, आणि जाताना सांगून गेली की तेवढा चुना पसरून घ्या, कोण करणार ते तुम्ही दोघी ठरवा. आपण काय ठरवलं ते आठवतं का? मी म्हटलं, तुम्हीच करा, तुम्हाला माणसांकडून काम करून घेण्याची सवय आहे. तुम्ही म्हणालात, छे, तुम्हीच करा, तुमचं काम नीटस. मी म्हटलं, तुमच्यासमोर मी काय करणार. तुम्ही म्हणालात, असं कसं. चहा झाला, दुसरा चहा झाला, आणि दोघी अगदी समाधानानं उठलो, काहीही न ठरवता. मी मनाशी म्हटलं, या वयात, या गुडघ्यानं, यांना कशाला उन्हात उभं करायचं. आपण गुपचूप करून टाकू, त्यांना कळेल तेव्हा बरंच वाटेल. नेमकं हेच तुम्ही माझ्या कंबरेबद्दल म्हणत होतात, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

तर तुम्ही सकाळी ओढ्यापर्यंत फिरायला गेलात की मी त्या माती भुसभुशीत करायच्या यंत्रवाल्याला बोलावलं. त्याच्या यंत्राला सायलेन्सर नाही आणि तो स्वतः जन्मात बोलत नाही, म्हणून आपण त्याला सायलेन्सर म्हणतो, तोच. निम्मी पोती काढली, वरच्या शेतात ओंजळी-ओंजळीनं सारखी पसरून घेतली आणि लगेच यंत्र फिरवून मिसळून टाकली. विहीणबाई, मी शिवणाची बाई. टाका सुलट बाजूनं दिसता कामा नये हे मी तीस वर्षं शिकवलं, आणि त्या शेतात मी शब्दशः तेच केलं. कुठं पांढरा ठिपका नाही, कुठं ढीग नाही. सांडलेली पूड खराट्यानं लोटून घेतली, रिकामी पोती घडी करून आत ठेवली. वर संध्याकाळी पावसाची एक सर येऊन गेली. जमीन अशी दिसत होती की तिला कुणी हातसुद्धा लावलेला नाही, फक्त छान नांगरून ठेवली आहे. सायलेन्सरला मी बजावलं, की मोठ्या बाईंना यातलं काही सांगू नकोस. त्यानं मान हलवली. (यंत्राचा एवढा आवाज तुम्हाला ओढ्यावर कसा ऐकू आला नाही, असं मी सगळं उघडकीला आलं त्या दिवशी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात की यंत्र रोजच कुठं ना कुठं चालू असतं. खरं आहे.)

पुढचं मी नंतर तुमच्याच तोंडून ऐकलं. तुम्ही गोठ्यात गेलात, निम्मी पोती गेलेली पाहिलीत आणि म्हणालात, म्हणजे यांनी खालचं शेत करून टाकलेलं दिसतं. का, तर मी दुपारी वाळत घातलेले कपडे आणायला खालीच जाते, आणि खालचं शेत मुलांनी आधीच नांगरून ठेवलेलं, त्यामुळे नुसतं बघून काही कळायला मार्ग नव्हता. मग उरलं वरचं, ते आपण करावं. वरचं शेत छान भुसभुशीत केलेलं, तुम्हाला वाटलं की मुलांनी जाण्याआधी त्याचीही तेवढी तयारी करून ठेवली. मी दुपारी पडले असताना तुम्ही सायलेन्सरला बोलावलंत, उरलेली सगळी पोती वरच्या शेतात रिकामी केलीत, आणि धाकट्या बाईंना सांगू नकोस म्हणून त्याला बजावलंत. त्यानं पुन्हा मान हलवली. (यंत्राचा आवाज मला झोपेतही आला होता, पण ते रोजच कुठं ना कुठं चालू असतं.) दुसऱ्या दिवशी मी गोठ्यात डोकावले, सगळी पोती रिकामी दिसली आणि माझं मन भरून आलं. म्हटलं, बाईंनी त्या गुडघ्यानं खालचं शेत केलं आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. केवढं हे मोठेपण! मी त्या रात्री तुमच्या पानात जास्तीचं वाढलं, तुम्ही माझ्या पानात, आणि दोघी एकमेकींकडे बघून अशा हसलो की जणू काही दोघींना सगळं ठाऊक आहे.

मुलं आली, पोती रिकामी पाहून खूश झाली. शाबासकी कुणाला द्यायची म्हणून विचारलं तर मी तुमच्याकडे बोट दाखवलं आणि तुम्ही माझ्याकडे. पेरणी झाली. घेवडा उगवलासुद्धा. आणि मग वरच्या शेतातली कोवळी पानं पिवळी पडू लागली, शिरा तेवढ्या हिरव्या, आणि खालच्या शेतातली रोपं घोट्यापर्यंत येऊन पूर्वीसारखीच रुसून उभी राहिली. तुमचे चिरंजीव वर जायचे, डोकं खाजवायचे, खाली यायचे, पुन्हा डोकं खाजवायचे. कन्या त्यांच्या मागून. एकाच मापानं चुना घातलेली दोन शेतं, एक पिवळं आणि एक खुजं, हे काही केल्या त्यांच्या हिशोबात बसेना. या पोरांचं हे पहिलं पीक. मी तेव्हा हसत होते, पण रोज सकाळी ती दोघं बांधावर उकिडवी बसून एकेक पान उलटून बघायची ते माझ्यानं बघवत नव्हतं, हेही लिहून ठेवते.

शेवटी मातीवाल्या बाई पुन्हा आल्या. त्यांनी दोन्हीकडची माती नेली, तपासली, आणि निकाल घेऊन आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते माझ्या क्लासात एका पोरीनं एकाच झग्याला तीन बाह्या शिवल्या तेव्हा माझ्या चेहऱ्यावर आलं होतं. वरच्या शेतात चुना दुप्पट आहे, म्हणाल्या. जास्त चुन्यानं मातीतलं लोह जागेवर असून पिकाला घेता येत नाही, म्हणून पानं पिवळी. आणि खालच्या शेतात चुन्याचा कणही नाही. वरचं शेत कुणी केलं? त्यावर आपण दोघी एका सुरात म्हणालो, "मी." खालचं कुणी केलं? पुन्हा एका सुरात, "यांनी." त्यानंतर जी शांतता पसरली ती इतकी होती, की अंगणात यंत्राला तेल घालत बसलेल्या सायलेन्सरला वाटलं आता आपण बोलायलाच हवं. तो म्हणाला, "मला वाटलं दुसरा हात देताय. रंगाला देतात तसा." (तो पावसाळ्यानंतर घरं रंगवतो, त्यामुळे त्याचंही चुकलं असं म्हणता येत नाही. गुप्तता मात्र त्यानं दोघींची पाळली.)

इथपर्यंत भांडण झालेलं नव्हतं, हे तुम्हीही मान्य कराल. भांडण झालं ते माफीवरून. मी म्हटलं, चूक माझी. तुम्ही म्हणालात, मुळीच नाही, चूक माझी. मी म्हटलं, मी आधी टाकला, मी सांगायला हवं होतं. तुम्ही म्हणालात, मी नंतर टाकला, मी विचारायला हवं होतं. मी म्हटलं, तुम्ही मोठ्या, तुमच्याकडे चूक येऊच कशी देईन. आणि तुम्ही ताडकन उठून म्हणालात, की तुम्हाला माफी मागतानासुद्धा पहिला नंबर हवा असतो. मग मीही म्हटलं, की वॉर्डात तुम्हाला कुणी उलट बोलत नव्हतं, त्याची सवय इथं चालणार नाही. मातीवाल्या बाईंनी चहा अर्धा टाकला. मग तुम्ही कॉटचं काढलंत, मी गरम पाण्याचं काढलं, तुम्ही पातेल्यांचं काढलंत. इतक्या दिवसांत आपण एकमेकींसाठी जे जे सोसलं ते सगळं दहा मिनिटांत बाहेर आलं, आणि सकाळच्या बसनं तुम्ही गेलात. जाताना मला नमस्कार करून गेलात, ते तर मला फारच लागलं.

असो. आता सगळं शांत आहे. वरच्या शेताला बाईंनी भरपूर कुजलेलं शेणखत घालायला आणि पानांवर लोहाची फवारणी करायला सांगितलं आहे. टाकलेला चुना काही वेचून काढता येत नाही, पाऊसच तो सावकाश नेईल. नवीन पानं थोडी हिरवी यायला लागली आहेत. खालचं पीक मात्र गेलं. मुलांनी मनाला लावून घेतलेलं नाही, निदान माझ्यासमोर तरी नाही. मी पुरता विचार केला आणि मला पटलं आहे, की झाल्या प्रकारात चूक सर्वस्वी माझी होती, तुमचा काडीचाही दोष नव्हता, आणि मुलांनी केलेला नियम आपल्या दोघींच्या भल्याचा आहे. एका वेळी एकच आई असली की तिला काय हवं ते तिनं करावं, कुणाला विचारायला नको, कुणाला सांगायला नको. घर कसं निवांत असतं. तुम्ही मनात काही न ठेवता आपल्या पाळीला यावं. मी त्याआधी माझी आवराआवर करून ठेवीन आणि बस स्टॉपवर आपली भेट होईलच.

तुमच्या गुडघ्याला आणि इतर सर्वांना यथायोग्य सांगावे.

आपली नम्र,
विहीण

ता. क. कन्येनं पत्र वाचलं. छान लिहिलं आहे म्हणाली. फक्त भांडणाच्या जागी एक ओळ खोडली (तुम्हाला उजेडात धरून वाचता येईल) आणि पाकीट माझ्या हातात देऊन शेतावर गेली. तेव्हा इथून पुढचं आपल्या दोघींतलं. चूक सर्वस्वी माझी होती असं वर लिहिलं आहे ते खोटं आहे. निम्मी तुमची होती. मी तुमची निम्मी इतके दिवस उगाच बाळगून बसले होते, ती परत घ्या. आणि नमस्कार करून जाणं हे फार दुष्टपणाचं होतं.

ता. क. २. नियम वाईट आहे. घर निवांत असतं म्हणजे काय, तर जेवताना ती दोघं मातीच्या आंबटपणाचे आकडे बोलतात आणि मी पाणी वाढते. खिडकीजवळच्या कॉटवर आता मी झोपते. वारा चांगला येतो, पण झोप येत नाही. सकाळी सगळं गरम पाणी मला एकटीला मिळतं आणि मी ते चिडून वापरते. भांडायला तुमच्या तोडीचं इथं कुणी नाही. मला तुमची फार आठवण येते, विहीणबाई. हे मी विहिणीला लिहीत नाही, तुम्हाला लिहिते आहे.

ता. क. ३. खालच्या शेताचा चुना सोमवारी आला. पोती गोठ्यात आहेत. मुलं पुढच्या आठवड्यात ठिबकच्या नळ्या आणायला शहरात जाणार आहेत आणि मी सायलेन्सरला सांगून ठेवलं आहे (त्यानं मान हलवली). तुम्ही त्याच्या आदल्या दिवसाच्या बसनं निघा. कुणाची पाळी आहे ते बघू नका, दारात उभ्या असलेल्या आईला परत पाठवण्याइतकी ती दोघं अजून धीट झालेली नाहीत. अर्धा चुना तुम्ही टाका, अर्धा मी टाकते. मी मध्येच येऊन तुम्हाला विचारीन, झालं का? तुम्ही राग मानू नका. तुम्हीही विचारा.